संगणकाची जंत्री

कालमापनाच्या साधनांचा इतिहास सांगताना ग्रंथकार घटिकापात्रापासून आरंभ करतात, छायायंत्र आणि लंबकाचे घड्याळ ही स्थळे पार करतात आणि बहुधा अणुघड्याळापाशी येऊन थांबतात. परंतु ज्या साधनास आज सामान्य मनुष्य दिवसातून शंभर वेळा तारीख व वेळ विचारतो, ते त्याच्या खिशातील किंवा कचेरीतील संगणकाचे साधन या परंपरेत क्वचितच गणले जाते. त्या यंत्राच्या अंतर्भागी जी कार्यप्रणाली, म्हणजे ज्यास सर्वजण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, अहोरात्र जागी असते, तिच्यापाशी स्वतःची अशी एक जंत्री असते. लोकलचे वेळापत्रक, बँकेतील व्यवहार, शाळेचा दाखला, घरपट्टीची पावती हे सारे तिच्याच आधाराने चालते. आणि वर्तमानकाळाच्या व्यवहारात ती इतकी बिनचूक ठरते की, भूतकाळाविषयीही तिचा शब्द तितकाच प्रमाण असला पाहिजे असे आपण नकळत गृहीत धरतो.

या गृहीताची परीक्षा प्रस्तुत प्रकरणात करावयाची आहे, आणि तिच्यासाठी ठाणे, कल्याण व डोंबिवली हा मुलूख मुद्दाम निवडला आहे. खाडीच्या एका तीरावर एक कालगणना आणि दुसऱ्या तीरावर दुसरी, अशी स्थिती येथे शतकाहून अधिक काळ होती. ज्या प्रदेशाच्या दफ्तरात एकाच दिवसाला तीन-चार नावे सापडतात, तेथेच यंत्राच्या जंत्रीची खरी कसोटी लागते.

मोजणीचा आरंभ

संगणकाला तारीख ठाऊक नसते, केवळ संख्या ठाऊक असते. वर्ष, महिना, वार या गोष्टी त्या संख्येवरून आपल्याला दाखविण्यापुरत्या तयार केल्या जातात आणि दाखवून झाल्यावर विसरल्या जातात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासूनच्या दोन-तीन वर्षांत युनिक्स ही प्रणाली रचिली, तेव्हा एक क्षण आरंभाचा म्हणून ठरवून तेथून मोजदाद सुरू करावी, असा सरळ मार्ग त्यांनी पत्करला. प्रथम हा आरंभ १ जानेवारी १९७१ हा होता आणि मोजणीचे एकक सेकंदाचा साठावा भाग हे होते; परंतु त्या हिशेबाने बत्तीस बिटांचे कोठार सव्वादोन वर्षांतच भरून जाणार हे ध्यानी आल्यावर एकक पूर्ण सेकंदाचे करण्यात आले आणि आरंभ १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच येथील मध्यरात्रीवर स्थिर झाला. लिनक्स, अँड्रॉइड आणि आंतरजालावरील असंख्य यंत्रे आजही हीच मोजणी चालवितात. तो क्षण भारतात पहाटे साडेपाचचा होता, आणि म्हणूनच एखाद्या फाइलची तारीख हरवली की आपल्याकडील फोनच्या पडद्यावर पुष्कळदा ‘१ जानेवारी १९७०, पहाटे ५.३०’ ही गूढ वेळ उमटते. ती कोणत्याही घटनेची वेळ नसते. ते मोजणीतील शून्य असते.

मुंबईच्या टर्मिनसपासून लोहमार्गाच्या कडेने किलोमीटरच्या खुणा रोवलेल्या असतात. ठाण्याजवळ चौतीस आणि कल्याणजवळ चोपन्न असे आकडे त्यांवर येतात. आकडा अंतर अचूक सांगतो, पण त्या जागी वसलेल्या गावाला पूर्वी कोण काय म्हणत असे, याविषयी तो मुका असतो. संगणकातील संख्येचेही नेमके असेच आहे, आणि या प्रकरणात पुढे जे काही सांगावयाचे आहे ते सर्व या एका गुणदोषातून निष्पन्न होते.

आरंभक्षणापूर्वीच्या तारखा ऋण संख्यांनी दाखविल्या जातात. तथापि बत्तीस बिटांच्या कोठाराला दोन्ही बाजूंनी मर्यादा आहे: २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ सेकंद पुढे, आणि जवळजवळ तितकेच मागे. पुढची सीमा भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी येते आणि तिचा गाजावाजा पुष्कळ झाला आहे. मागची सीमा १४ डिसेंबर १९०१ च्या उत्तररात्री सव्वादोनच्या सुमारास येते, आणि तिच्याकडे मात्र फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली तो १६ एप्रिल १८५३ हा दिवस १ जानेवारी १९७० पासून ४२,६२८ दिवस मागे आहे. म्हणजे सुमारे ३६८ कोटी ३० लाख सेकंद. बत्तीस बिटांच्या यंत्राच्या हिशेबी ती गाडी निघालीच नाही. १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत खुला झालेला लोहमार्ग, १८६४ मधील कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आणि १८९३ मधील ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय या सर्वांच्या जन्मतारखा त्याच अंधाऱ्या प्रदेशात पडतात. चौसष्ट बिटांच्या कोठाराने ही अडचण कायमची दूर केली, कारण त्याची धाव दोन्ही दिशांना सुमारे २९,२०० कोटी वर्षांची आहे. आणि जुन्या बत्तीस बिटांच्या यंत्रांनाही विस्तृत कालसंख्या वापरता यावी अशी सोय लिनक्सच्या गाभ्यात २०२० मध्ये पूर्ण झाली.

प्रत्येक प्रणालीचा आरंभक्षण निराळा आहे, आणि त्या प्रत्येकाच्या मुळाशी एक व्यावहारिक सोय आहे. डॉस या प्रणालीने आणि तिच्या पठडीतील पेनड्राइव्ह व स्मृतिपत्रे यांनी १९८० पासून आरंभ केला आणि वर्षासाठी सातच बिट राखून ठेवल्यामुळे त्यांची झेप २१०७ पर्यंतच पोचते. ॲपलच्या जुन्या मॅकिंटॉशने १ जानेवारी १९०४ निवडला. व्हीएमएस या प्रणालीने खगोलशास्त्रज्ञांच्या दिनगणनेचा आधार घेऊन १७ नोव्हेंबर १८५८ हा दिवस घेतला. व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा हिंदुस्थानात वाचला गेल्यानंतरचा तो सोळावा दिवस होता, पण हा निव्वळ योगायोग. विंडोजने सर्वांहून दूरदृष्टीने १ जानेवारी १६०१ धरला आणि सेकंदाचा एक कोटीवा भाग हे एकक घेतले. कारण ग्रेगरी पंचांगाचे चक्र चारशे वर्षांचे, म्हणजे १,४६,०९७ दिवसांचे असते, त्यास सातने निःशेष भाग जातो, आणि १६०१ हे अशा एका चक्राचे पहिले वर्ष आहे. तरीही अंबरनाथच्या शिवमंदिरातील शक ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमाराचा शिलालेख त्या आरंभापासून साडेपाच शतके मागे राहतो. कचेऱ्यांतून सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्सेलची गती तर याहूनही कुंठित आहे. १९०० पूर्वीची तारीख ते तारीख म्हणून स्वीकारीतच नाही, १६-४-१८५३ असे लिहिल्यास ती निर्जीव अक्षरे समजून बाजूला ठेवते. आणि लोटस नावाच्या पूर्वीच्या प्रोग्रामशी जुळवून घेण्याच्या हेतूने, १९०० मध्ये कधीही न उगवलेला २९ फेब्रुवारी मात्र ते निःशंकपणे मोजते.

कल्याणची वसुबारस

येथवरच्या उणिवा केवळ कोठाराच्या लांबीरुंदीच्या होत्या, आणि कोठार मोठे केल्याने त्या दूर होतात. याहून सूक्ष्म प्रश्न असा की, यंत्राने तारीख स्वीकारली तरी ती आपण ज्या अर्थाने दिली त्याच अर्थाने स्वीकारली काय?

शिवाजीमहाराजांनी कल्याण व भिवंडी स्वराज्यात आणल्याची तारीख इतिहासग्रंथांत २४ ऑक्टोबर १६५७ अशी दिली जाते. कल्याणच्या खाडीकाठी, दुर्गाडीच्या परिसरात, मराठी आरमाराचा पाया घातला गेला तो यानंतर. त्या दिवसाची मिती आश्विन वद्य द्वादशी, शके १५७९, म्हणजे वसुबारस. आता एखाद्या विद्यार्थ्याने लिनक्सच्या यंत्रावर ‘डेट’ ही आज्ञा देऊन या तारखेचा वार विचारला, तर उत्तर येते बुधवार. त्याच यंत्रावर ‘कॅल’ ही आज्ञा देऊन ऑक्टोबर १६५७ चा महिना उघडला, तर चोवीस हा आकडा शनिवारच्या रकान्यात उभा असतो. एकच यंत्र, एकच तारीख आणि दोन वार. आणि यंत्राला त्यात काही विसंगत घडल्याची जाणीवही नाही.

या कोड्याचे मूळ १५८२ सालात आहे. तोवर युरोपात ज्युलियस सीझरच्या नावाने चालणारे ज्युलियन पंचांग प्रचलित होते, आणि त्यातील वर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा मिनिटांनी लांब असल्यामुळे शतकानुशतके ऋतू पंचांगापासून सरकत चालले होते. पोप तेरावा ग्रेगरी याने ४ ऑक्टोबर १५८२ च्या दुसऱ्या दिवसास १५ ऑक्टोबर म्हणावे असा हुकूम काढून दहा दिवस गाळले. स्पेन व पोर्तुगाल या कॅथलिक राज्यांनी तो तत्काळ मानला. इंग्लंडने तो १७० वर्षे मानला नाही, आणि अखेरीस पार्लमेंटच्या कायद्याने २ सप्टेंबर १७५२, बुधवार, याच्या पाठोपाठ १४ सप्टेंबर, गुरुवार, असा दिवस उजाडला. ‘कॅल’ ही आज्ञा इंग्लंडच्या या कायद्यास धरून चालते. तिला सप्टेंबर १७५२ दाखविण्यास सांगितले तर मधले अकरा दिवस गाळलेला, उंदरांनी कुरतडल्यासारखा महिना पडद्यावर येतो. ‘डेट’ ही आज्ञा, त्याचप्रमाणे पायथनसारख्या प्रोग्रामच्या भाषा आणि तारखांच्या लेखनाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणक, हे सर्व ग्रेगरी पंचांगच १५८२ च्या मागे, ते अस्तित्वात नसलेल्या काळातही, लांबवीत नेतात. जावा या भाषेतील रूढ पंचांग आपली सीमा १५ ऑक्टोबर १५८२ वर आखते. अशा रीतीने तीन मते एकाच यंत्रात सुखाने एकत्र राहतात.

आपल्या इतिहासकारांनी सतराव्या शतकातील मितींचे रूपांतर करताना बहुधा जुनी, म्हणजे ज्युलियन पद्धत अनुसरली; इंग्रजी वखारीचे कागद त्या पद्धतीचे असल्यामुळे तुलनेस ते सोयीचे होते. म्हणून २४ ऑक्टोबर १६५७ ही ज्युलियन तारीख आहे, तिचा वार शनिवार आहे, आणि ग्रेगरी पद्धतीने तिलाच ३ नोव्हेंबर १६५७ म्हणावे लागते. यंत्राने मात्र ती ग्रेगरी समजून घेतली आणि आपल्याला दहा दिवस मागे नेऊन सोडले, जेव्हा वसुबारसेचा चंद्र अद्याप पुरता क्षीणही झालेला नव्हता.

येथे एक मौजेची गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १६५७ मध्ये कल्याणात सत्ता आदिलशाहीची होती आणि मग मराठ्यांची झाली. या दोहोंपैकी कोणाच्याही दफ्तरात ज्युलियन तारीख लिहिली जात नव्हती. खाडीपलीकडे ठाण्यास मात्र पोर्तुगीज अंमल होता, आणि तेथील फिरंगी कारकुनाने त्या दिवशी पत्र लिहिले असते तर ३ नोव्हेंबर अशीच तारीख घातली असती. म्हणजे आज आपण कल्याणच्या विजयासाठी जी तारीख उच्चारतो ती त्या दिवशी कल्याणातही चालत नव्हती आणि ठाण्यातही चालत नव्हती. ती सुरतेच्या इंग्रजी वहीखात्याची तारीख आहे. ती चुकीची नाही, परंतु ती कोणत्या पद्धतीची हे सांगितल्यावाचून पुरतीही नाही.

वाराची साक्ष

अशा प्रसंगी निर्णय कशाने करावा? सुदैवाने एक साक्षीदार असा आहे की, ज्याने कधीही खाडा केला नाही. पोपने दहा दिवस गाळले, पार्लमेंटने अकरा गाळले, पण सात वारांचे चक्र दोघांनीही अभंग ठेविले; हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती या तिघांच्याही कागदांतून तेच चक्र चालत आले. म्हणून ज्या जुन्या लेखात मितीबरोबर वार दिलेला असेल, त्याचे रूपांतर तपासता येते.

लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेल्या जेधे शकावलीत शिवजन्माची मिती फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी असून वार शुक्रवार दिला आहे. शासनमान्य तारीख १९ फेब्रुवारी १६३०. ही तारीख ज्युलियन धरली तर वार बरोबर शुक्रवार येतो. संगणकाच्या रूढ रीतीने ग्रेगरी धरली तर मंगळवार येतो. राज्याभिषेकाच्या ६ जून १६७४ विषयी तेच: ज्युलियन गणनेने शनिवार, यंत्राच्या गणनेने बुधवार. एखाद्या चटकन निर्णय देणाऱ्या वाचकाने यंत्राच्या उत्तरावरून शकावलीकारास खोटे ठरविले, तर दोष शकावलीकाराचा नसून प्रश्न विचारणाऱ्याचा होय.

पंचांगांच्या या गोंधळातून बाहेर पडण्याच्या मार्गाचा पाया फ्रेंच पंडित जोसेफ स्कॅलिगर याने १५८३ मध्येच घालून ठेवला होता. इ. स. पूर्व ४७१३ च्या १ जानेवारीपासून प्रत्येक दिवसास एकेक क्रमांक द्यावा, वर्ष-महिन्यांचा पाशच ठेवू नये, ही कल्पना त्याच्या कालचक्राच्या आधारे पुढे एकोणिसाव्या शतकातील खगोलशास्त्रज्ञांनी रूढ केली. या गणनेने कल्याणच्या वसुबारसेचा क्रमांक २३,२६,५७४ येतो. शनिवार, २४ ऑक्टोबर ज्युलियन, ३ नोव्हेंबर ग्रेगरी आणि आश्विन वद्य १२ ही सर्व त्या एकाच क्रमांकाची नावे. सातने भागून उरणाऱ्या बाकीवरून वारही कळतो: येथे बाकी पाच उरते, आणि सोमवारास शून्य धरले असता पाच म्हणजे शनिवार. व्हीएमएसने खगोलशास्त्रज्ञांकडून घेतलेली दिनगणना म्हणजे याच मोजणीचे आखूड केलेले रूप होते. रूपांतर करणारे चांगले प्रोग्राम आजही मध्यस्थ म्हणून हाच क्रमांक वापरतात.

दोन तारखांची वसई

पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील आणखी एक घटना या दृष्टीने बोधप्रद आहे. चिमाजीअप्पांच्या फौजेपुढे वसईच्या पोर्तुगीजांनी हत्यार खाली ठेवले, त्या तहाची तारीख काही ग्रंथांत १६ मे १७३९ आढळते आणि काहींत ५ मे १७३९. किल्ला रिकामा करून पोर्तुगीज बाहेर पडले तो दिवस कोठे २३ मे तर कोठे १२ मे. वाचकास वाटते की इतिहासकारांत मतभेद आहे. वस्तुतः कसलाही मतभेद नाही. सतराशे साल इंग्रजांनी प्लुतवर्ष मानले आणि पोर्तुगीजांनी मानले नाही, त्यामुळे दोन पंचांगांतील अंतर दहावरून अकरा दिवस झाले होते. सोळातून अकरा गेले की पाच, आणि तेविसातून अकरा गेले की बारा. पोर्तुगीज कागद वाचणाऱ्याने एक आकडा उचलला, इंग्रजी परंपरेतून लिहिणाऱ्याने दुसरा. मराठी दफ्तरात त्याच सालाचे नाव शुहूर सनाच्या रीतीने ‘तिसा सलासीन मया व अलफ’ असे पडते: नऊ, तीस, शंभर आणि हजार, म्हणजे ११३९. हा सन मृग नक्षत्रावर सूर्य आला म्हणजे बदलतो, आणि त्यात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९, तर जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळविले की इसवी सन येतो.

ठाण्याचे उदाहरण तर यंत्राची परीक्षाच पाहणारे आहे. १७३७ पर्यंत तेथे पोर्तुगीज ग्रेगरी तारीख. त्यापुढे १७७४ पर्यंत मराठी अंमलात शालिवाहन शक, शुहूर सन आणि हिजरी चंद्र. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी किल्ला घेतला तेव्हा त्यांचीही तारीख ग्रेगरी झालेली होती. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीनंतर ठाण्याच्या राज्यकर्त्यांनी ज्युलियन तारीख लिहिलीच नाही. पंचांगबदलाची सीमा देशानुसार निवडण्याची सोय काही प्रणालींत आहे. पण ठाण्याने पोर्तुगाल निवडावे की इंग्लंड, या प्रश्नास तिच्या यादीत उत्तर नाही, कारण अशी यादी आजचा देश ओळखते आणि तारीख मात्र तत्कालीन राज्याच्या हुकमतीखाली लिहिलेली असते.

घड्याळाचाही इतिहास

दिवसाची निश्चिती झाली तरी तास-मिनिटांचा प्रश्न उरतोच. जगातील निरनिराळ्या स्थळांची घड्याळे केव्हा व किती बदलली याची एक सार्वजनिक नोंदवही आर्थर डेव्हिड ओल्सन याने आरंभिली आणि आज बहुतेक सर्व संगणक तिच्यावर विसंबून असतात. तीत भारतासाठी नोंद एकच आहे, आणि ती कोलकात्याच्या नावाने आहे. १८५४ पूर्वी कोलकात्याची स्थानिक वेळ, मग हावड्याची, १८७० पासून रेल्वेने स्वीकारलेली मद्रासची, १ जानेवारी १९०६ पासून आजची साडेपाच तासांची प्रमाणवेळ, असा तिचा क्रम आहे. या नोंदीच्या आधाराने १८५३ मधील पहिल्या गाडीची ३ वाजून ३५ मिनिटे ही वेळ यंत्रास समजावून दिली, तर ते ती कोलकात्याच्या सूर्याची मानते, आणि मुंबईच्या सूर्याच्या मानाने सुमारे एक तास दोन मिनिटांची चूक करते. मुंबईने आपली स्वतंत्र वेळ, प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे असलेली, १९०६ नंतरही सोडली नाही. शहरात ती १९५५ पर्यंत टिकून राहिली. त्या हट्टाचा मागमूस यंत्राच्या हिशेबात नाही.

उलटपक्षी, आपण विसरलो आणि यंत्राने ध्यानात ठेवले अशीही एक गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या मुदतीत, देशातील घड्याळे एक तास पुढे केलेली होती. त्या वर्षांत कल्याणला जन्मलेल्या मनुष्याची पत्रिका मांडताना जाणता ज्योतिषी जन्मवेळेतून एक तास वजा करतो. संगणकही करतो, आणि त्याला कोणी सांगावे लागत नाही.

शक आणि शक

पुष्कळ फोनांत व संगणकांत आता ‘भारतीय’ पंचांग निवडण्याची सोय असते, आणि गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा पाडणाऱ्या डोंबिवलीतील एखाद्या उत्साही वाचकास वाटेल की, जुन्या मितींचा प्रश्न यामुळे सुटला. तसे नाही. हे पंचांग म्हणजे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून सरकारी व्यवहारात आलेले राष्ट्रीय सौर पंचांग होय. त्यातील महिन्यांची नावे आपली आहेत, शकाचा अंकही तोच आहे. पण महिने सूर्याचे आहेत, आश्विन नेहमी २३ सप्टेंबरलाच लागतो, आणि त्यात शुद्ध-वद्य नाही, तिथीचा क्षय नाही, अधिक मास नाही. आश्विन वद्य द्वादशी ही कल्पनाच त्यास अपरिचित आहे. चांद्रतिथी काढणारे निराळे प्रोग्राम उपलब्ध आहेत, आणि त्यांपैकी चांगले प्रोग्राम शंकर बाळकृष्ण दीक्षित, स्वामीकन्नू पिल्ले, मोडक आणि खरे यांनी कागदावर करून ठेवलेले कार्य यंत्राच्या गतीने करतात. परंतु त्यांनाही महिना अमान्त की पूर्णिमान्त हे सांगावे लागते, कारण महाराष्ट्रातील आश्विन वद्य द्वादशी ही उत्तर हिंदुस्थानात कार्तिक वद्य द्वादशी असते.

नोंद करणारांस

ठाण्या-कल्याणकडील वाचनालये, देवस्थाने आणि जुनी घराणी आपापले कागद संगणकावर आणू लागली आहेत, आणि हे कार्य अत्यंत स्तुत्य आहे. तथापि छायाचित्र घेतलेल्या मोडी कागदाच्या फाइलवर यंत्र जी तारीख स्वतः उमटविते ती छायाचित्राची असते, कागदाची नव्हे. आणि तारखेच्या रकान्यात आपण जी घालतो ती पद्धतीच्या निर्देशावाचून घातली तर यंत्र तिला मुकाट्याने ग्रेगरी समजते. अशा रकान्यातून पुढे वय, मुदत आणि वार यांचे जे हिशेब निघतील, ते सर्व दहा-अकरा दिवसांची चूक घेऊन निघतील, आणि ती चूक शोधावयास मूळ कागदाकडेच परत जावे लागेल.

म्हणून दस्तऐवजांची नोंद करणारांनी चार गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. मूळ कागदावरील मिती, साल व सन जशीच्या तशी, एक अक्षरही न बदलता अक्षररूपाने ठेवावी, तारीख म्हणून यंत्राच्या स्वाधीन करू नये. तिची पद्धत नमूद करावी. रूपांतरित तारीख देताना ती ज्युलियन की ग्रेगरी हे स्पष्ट लिहावे. आणि कागदात वार असेल तर तो अवश्य नोंदवावा. रूपांतर ज्या जंत्रीवरून अथवा प्रोग्रामावरून केले त्याचे नाव जोडले तर नंतरच्या अभ्यासकास तपासणी सुलभ होईल. यास प्रत्येक नोंदीमागे फार तर एखादे मिनिट अधिक लागेल, आणि तेवढे मिनिट आज खर्च केले तर उद्याच्या अभ्यासकास मूळ दफ्तर पुन्हा उघडावे लागणार नाही.